दिपाची मुदत

नीलाबाई फोन केल्याशिवाय माहेरी कधी येत नसे. त्या दिवशी आली ती न कळवता, ड्युटीवरच्या साडीतच, आणि चपला न काढता ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "रूपा, दिपा कुठं हाय?"

रूपाबाई पोह्यांसाठी कांदा चिरत बसली होती. दुपारी कनेरगाव नाक्याहून दिपाला बघायला पाहुणे यायचे होते. नवरा, लालसिंग, गेल्यापासून घराचा कारभार थोरल्या दिराच्या, प्रेमदासच्या हाती होता आणि हे स्थळ त्यानंच खटपट करून इथवर आणलं होतं. अंगण सारवून झालं होतं, शेजारून खुर्च्या आल्या होत्या. नणंदेला बघून रूपाबाईला आधी बरंच वाटलं, कामाला आणखी एक हात झाला म्हणून. मग तिनं नीलाबाईचा चेहरा पाहिला आणि विळी बाजूला सारली.

"काय झालं अक्का?"

"काय झालं ते लेकीला विचार. काल मोठ्या साहेबानं मला केबिनीत बोलवून घेतलं. इतक्या वर्सांत मी त्या केबिनीत पोछा मारायलाच गेले होते. तिथं मला उभं करून विचारलं, ही दिपा लालसिंग राठोड तुमची कोन लागते?"

प्रेमदास जीप धूत होता. त्यानं हातातला पाइप खाली टाकला. निंबाखाली बाजेवर पडलेली म्हातारी मनकर्णा, रूपाबाईची सासू आणि प्रेमदास-नीलाबाईची आई, उठून बसली.

"दिपानं सरकारवर नोटीस धाडली," नीलाबाई म्हणाली. "तिच्या हाताची. कलेक्टरच्या हापिसातून फिरत फिरत कागद आमच्या दवाखान्यात आला. साहेब म्हनले, बाई, खाल्ल्या घरचे वासे मोजता व्हय? आता मी काय सांगू? मला ठावं न्हवतं म्हनलं तर कोन मानंल?"

दिपा आतून आली. एक वेणी घातलेली, एक अर्धवट. ती डाव्या हातानं आणि दातांत रिबन धरून वेणी घालायची, लहानपणापासून तशीच. उजव्या हाताची बोटं तळव्याकडे वळून कायमची आवळलेली होती, आणि मनगटापासून वरचा हात डाव्याच्या निम्मासुद्धा भरत नव्हता.

"मीच धाडली," ती म्हणाली. "आत्या, तुमचं नाव त्यात न्हाई. मी मुद्दाम टाकू दिलं न्हाई."

"मला इचारावं वाटलं न्हाई तुला?" प्रेमदास म्हणाला.

"काका, इचारलं असतं तर तुमी नको म्हनला असता. मंग तुमचं ऐकलं न्हाई असं झालं असतं. आता निदान तसं तरी न्हाई."

रूपाबाईला हसू येता येता राहिलं. पोरीचा बाप असाच बोलायचा, शांतपणे, समोरच्याला बोलायला जागा न ठेवता. पण त्याच क्षणी तिच्या मनाला टोचलंही. काकाला नाही ते ठीक, मला का नाही सांगितलं?

"बारा वर्सं होत आली त्या गोष्टीला," प्रेमदास म्हणाला. "आता कशाची नोटीस? तवा लालसिंगनं वकिलाला इचारलं होतं, तर दोन-तीन वर्सांच्या आत करायला पाहिजे होतं म्हनला. मुदत गेली, विषय संपला."

"तुमची गेली. माझी न्हाई."

मग तिनं सांगितलं. हिवाळ्यात कॉलेजात कायद्याचं शिबिर झालं, हिंगोलीहून वकीलबाई आल्या होत्या. लहान लेकराला स्वतः कोर्टात जाता येत नाही, म्हणून कायदा त्याची मुदत चालूच करत नाही, असं त्या म्हणाल्या. लेकरू अठरा वर्षांचं झालं की मग तिथून तीन वर्षं मोजायची. दिपा शिबिर संपल्यावर त्यांना गाठून म्हणाली, मॅडम, मला एकवीस पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिलेत. सरकारवर दावा लावायच्या आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती वकीलबाईंनी लगेच करून दिली. गरिबांना सरकारकडूनच फुकट वकील मिळतो, तशा त्या मिळाल्या होत्या. दोन महिने उलटून गेले, उत्तर आलं नव्हतं.

"एक जूनला मला एकवीस पूर्ण होतात. त्याच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागते, म्हनून मॅडम म्हनल्या, शेवटच्या दिवसाची वाट बघू नको. उद्याच ये."

"एक जून कशाची?" मनकर्णा म्हणाली. "तू तर दिवाळीच्या मागून झालीस. शाळेत गुरुजीनं टाकली ती तारीख."

"कोर्टाला गुरुजीचीच खरी, दादी."

म्हातारीनं मान हलवली. तारखेचं तिनं मान्य केलं, पण बाकीचं तिच्या गळी उतरलेलं नव्हतं. "पन दावा कुनावर लावती? दवाखान्यानं तर हात बांधून दिला होता. तुझ्या याडीनं, रूपानं, तेल चोळलं, पाला बांधला, तवा ते बिघडलं. कागदावरच लिहून दिलं न्हवतं का डाक्टरनं."

हे वाक्य त्या घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं की आता ते बोलताना कुणाला राग येत नसे आणि ऐकताना रूपाबाईही मान वर करत नसे. पाला तिनं कधीच बांधला नव्हता. पण तेल लावलं होतं. कडब्याच्या गंजीवरून घसरून पोरीचा हात मोडला, दवाखान्यात पलस्तर घातलं, आणि त्या रात्रीपासून पलस्तराबाहेर आलेली बोटं फुगून निळी पडायला लागली. पोरगी आग होते आग होते म्हणून विव्हळत होती. रूपाबाईनं तिथल्या सिस्टरला हात जोडले, पलस्तर सैल करा म्हणाली. डॉक्टर सकाळी येतील, पोर म्हटल्यावर रडणारच, असं उत्तर मिळालं. मग तिनं पिशवीतली करडीच्या तेलाची बाटली काढली आणि त्या निळ्या बोटांच्या टोकांना चार थेंब लावले, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. पलस्तर कापलं ते तिसऱ्या दिवशी. तोवर बोटं वळली होती. आणि मग कुणीतरी विचारलं, याला तेल कुणी लावलं?

लालसिंगनं तिला कधी बोल लावला नाही. पण ते खोटं आहे असंही तो कधी म्हणाला नाही, आणि तसाच गेला.

"दादी," दिपा म्हणाली, "अपंगाच्या सर्टिफिकिटासाठी मी नांदेडला गेले होते ना, तिथल्या हाडाच्या डॉक्टरला मी इचारलं. तेल लावल्यानं असा हात व्हतो का?"

"मंग?"

"म्हनले, तेल कातड्याच्या खाली जातच न्हाई. पलस्तर आवळलं होतं. हात आतून सुजला, त्याला जागा भेटली न्हाई, रक्त पोचलं न्हाई, आतलं मांस वाळून गेलं. बोटं निळी दिसली तवाच पलस्तर चिरलं असतं तर हात वाचला असता. त्यांनी तसं लिहून दिलं. वकीलबाईनी ते दाव्याला जोडलंय."

अंगणात पाइपातलं पाणी वाहत होतं, ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"म्हंजे तेलानं न्हाई," म्हातारी म्हणाली.

"न्हाई."

म्हातारीनं मान वळवली, पण रूपाबाईकडे नाही, नीलाबाईकडे. "नीला, त्या राती तू तिथंच कामाला होतीस. डाक्टर आला होता का?"

"याडी, मी बाळंतिणीच्या वार्डात होते."

"आला होता का न्हाई, एवढं सांग."

"न्हाई आला. त्या राती न्हाई, दुसऱ्या दिवशीबी न्हाई. मी दोनदा सिस्टरला सांगून आले. आनि हे मी तवाच दादाला आनि लालसिंगला सांगितलं होतं." नीलाबाईचा आवाज चढला. "तवा हेच म्हनले, गप ऱ्हा, तुझी नोकरी हाय, आपल्यालाबी उद्या त्याच दवाखान्यात जावं लागतं. इचार की दादाला."

प्रेमदास पाइप बंद करायला गेला.

रूपाबाई चुलीपाशी येऊन बसली. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठेतरी होताही. पण पोरीनं डॉक्टरला तो प्रश्न विचारला होता. म्हणजे तो प्रश्न तिच्याही मनात होता. इतकी वर्षं, एका अंथरुणात झोपून.

पाहुणे आले ते वेळेवर. गोपीचंदचं नाक्यावर टायरचं दुकान होतं, मोकळ्या स्वभावाचा माणूस, आल्या आल्या म्हातारीच्या पाया पडला आणि जीपचे टायर बघून प्रेमदासला म्हणाला की पुढचा डावा बदला, पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. त्याचा मुलगा रामप्रसाद बोलायला कमी होता, पण खुर्ची सोडून सतरंजीवर बसला, ते रूपाबाईला दारातून दिसलं आणि आवडलं.

प्रेमदासनं आधीच बजावून ठेवलं होतं की उजव्या हातावरून ओढणी घ्यायची. हाताचं त्यांना सांगितलंय, पण दाखवत फिरायचं कारण नाही. दिपा चहाचा ट्रे घेऊन आली ती डावा हात खाली आणि उजवं मनगट वर टेकवून, ओढणी खांद्यावर. कप कुठे हिंदकळला नाही.

"हाताला लहानपनी लागलं म्हने," गोपीचंद सहज म्हणाला.

"पडली होती," प्रेमदास म्हणाला.

"पडले तवा हाड मोडलं होतं," दिपा म्हणाली. "हात गेला तो दवाखान्यात. पलस्तर आवळून घातलं आनि कुनी बघायला आलं न्हाई. त्याचा दावा मी उद्या हिंगोलीच्या कोर्टात टाकनार हाय. तुमाला नंतर बाहेरून कळन्यापेक्षा आताच सांगते."

प्रेमदासनं डोळे मिटले. गोपीचंदनं कप खाली ठेवला. तो रागावला नाही, उलट काळजीनंच बोलला.

"बेटा, माझ्या भावाची जमिनीची केस हाय, लेकरं मोठी झाली तरी चालूच. लग्न झाल्यावर तारखेला कोन जाईल तुझ्या?"

"मीच जाईन."

"नाक्यावरून हिंगोली, हर तारखेला?"

"यष्टी हाय की."

रामप्रसादनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "हारली तर?"

दिपानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "हारले तर हारले. पन मुदत होती आनि मी घरात बसून ती घालवली, असं तरी व्हनार न्हाई."

पोहे खाऊन झाले. जाताना गोपीचंद प्रेमदासला म्हणाला, घरी विचार करून कळवतो. त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. रामप्रसाद मात्र गाडीत बसायच्या आधी थांबला आणि दिपाला म्हणाला की दाव्याचं काय होतं ते मला ऐकायला आवडेल. मग त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं आणि तो पटकन गाडीत बसला.

धूळ खाली बसली. मग प्रेमदास खुर्च्या एकात एक अडकवत म्हणाला, "मी केस करू नका म्हनतो का? लग्न व्हऊ द्या, मंग करा म्हनतो."

"काका, लग्नाची तारीख धरेपर्यंत मुदतच ऱ्हात न्हाई."

"एक चांगलं घर हातचं गेलं."

ते खोटं नव्हतं. रूपाबाई दारात होती. थोरल्या दिरासमोर ती पदर घेऊन असायची, काही सांगायचं असलं तर सासूमार्फत, नाहीतर लेकीमार्फत. आज ती ओट्यावर आली, पदर डोक्यावरच होता, आणि सरळ त्याला म्हणाली, "दादा, माझी बी मुदत कवा तरी व्हती. कुनी सांगितलंच न्हाई मला. हिला कुनी तरी सांगितलं. उद्या मी हिच्यासंगं जाते."

प्रेमदास तिच्याकडे बघत राहिला. या बाईचा सरळ आपल्याशी बोललेला आवाज त्यानं आजवर ऐकलाच नव्हता. तो खुर्च्या परत द्यायला गेला.

संध्याकाळी रूपाबाईनं दिपाची वेणी सोडून पुन्हा घालून दिली. लेकीची पाठ आपल्याकडे आहे तोवर विचारून घ्यावं, असं तिला वाटलं.

"तुलाबी वाटायचं का, मीच केलं म्हनून?"

"वाटायचं," ती म्हणाली. "सगळेच म्हनायचे. मला त्या रातीचं इतकंच आठवतं की आग व्हायची आनि तू बोटाला कायतरी लावायचीस. म्हनूनच तर डॉक्टरला इचारलं. नांदेडहून येताना मी बसमधे रडले याडी. हातासाठी न्हाई."

रूपाबाईनं रिबनची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "मंग मला काहून सांगितलं न्हाईस?"

"आधी कागद पक्का करावा म्हनलं. नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर दादीनं मानलं असतं?"

नाही, मानलं नसतं. रूपाबाईला ते पटलं आणि मनातली सल थोडी हलकी झाली. पुरती गेली नाही.

सकाळी त्या यष्टीच्या हिशेबानं निघाल्या तर जीप दारात सुरू होती. प्रेमदास रोज डोंगरकड्याहून हिंगोलीला प्रवासी न्यायचा. सकाळची फेरी म्हणजे गाडी खचाखच. मनकर्णा आधीच पुढच्या सीटवर बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. "माझ्या नातीचा दावा हाय," ती म्हणाली, आणि विषय तिथंच संपला. नीलाबाई रात्री राहिली होती, तीही मागे चढली. डोंगरकड्याच्या थांब्यावर रोजचे लोक जीप बघून पुढे आले. प्रेमदासनं काच खाली केली. "आज न्हाई," तो म्हणाला. "आज घरचं काम हाय."

दवाखान्याच्या वळणावर नीलाबाई उतरली. चार पावलं जाऊन परत आली आणि खिडकीत वाकून दिपाला म्हणाली, "तुझ्या वकीलबाईला इचार, कोर्टानं बोलवलं तर सरकारी नोकराला जावंच लागतं ना?"

"जावंच लागतं."

"मंग मला कागद धाडायला सांग. कागद आला की मी येते. आनि जे बघितलं तेच सांगते. फक्त आपनहून आले असं दिसायला नको. रिटायर व्हायला थोडंच ऱ्हायलंय माझं." तिनं दिपाच्या उजव्या हाताची आवळलेली मूठ आपल्या हातात धरली, जराशी दाबली, आणि ड्युटीवर गेली.

कोमल कऱ्हाळे वकीलबाई तरुण होत्या. कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली त्यांचं टेबल होतं. त्यांनी शाळेचा दाखला पुन्हा एकदा पाहिला, तारखेवर बोट ठेवलं, दिपाच्या सह्या घेतल्या, आणि सगळ्यांना तिथंच बसवून दिपाला घेऊन आत गेल्या. दावा घेणाऱ्या कारकुनानं एक पान कमी आहे म्हणून परत पाठवलं. त्या धावत येऊन पान घेऊन गेल्या. मग बराच वेळ कुणीच आलं नाही. प्रेमदास उठून कारकुनाच्या खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याला आत काय चाललंय ते कळत नव्हतं, पण खिडकी बंद होऊ नये एवढं कळत होतं.

दिपा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात शिक्का मारलेली प्रत होती.

"झालं?" प्रेमदासनं विचारलं.

"दाखल झाला."

"म्हंजे आता मुदतीचं...?"

"दावा मुदतीत आहे," वकीलबाई म्हणाल्या. "सरकार भांडेल. उशीर झाला म्हणेल, आईचीच चूक म्हणेल, सगळं म्हणेल. वेळ लागेल काका, मी खोटं सांगणार नाही. पण आता त्यांना उत्तर द्यावं लागेल. आजवर कुणी त्यांना विचारलंच नव्हतं."

प्रेमदासनं ती प्रत घेतली. त्याला वाचता यायचं, पण तो वाचत नव्हता, नुसता शिक्क्यावरून अंगठा फिरवत होता. "चहा सांगतो," तो म्हणाला, आणि पाच चहा सांगून आला.

वकीलबाईंनी कोरे कागद पुढे ओढले. "रूपाताई, आता तुमचं काम. दिपा तेव्हा लहान होती, तिला त्या रात्रींचं फारसं आठवत नाही. तुमची साक्ष सगळ्यात महत्त्वाची ठरेल. आज नुसतं मला सांगा, मी टिपून घेते. पहिल्यापासून."

रूपाबाईनं प्रेमदासकडे पाहिलं. त्याला ते समजलं. "मी गाडीपाशी थांबतो," म्हणत तो उठायला लागला.

"बस," मनकर्णा म्हणाली. "तूबी ऐक." मग तिनं आपली प्लास्टिकची खुर्ची ओढून सुनेच्या खुर्चीला भिडवली आणि तिच्याकडे बघून म्हणाली, "सांग बाई. आमी तुला कवा इचारलंच न्हाई."

रूपाबाईनं पदर सारखा केला. समोर वकीलबाईंचं पेन थांबलेलं होतं. इतकी वर्षं हे सगळं तिनं मनातल्या मनात हजारदा सांगितलं होतं, पण दर वेळी तेलापासून. आज तिला सुरुवात वेगळीच सापडली.

"हात मोडला तवा पोरगी रडली न्हाई," ती म्हणाली. "हे आधी लिहा बाई. गंजीवरून पडली, हात लोंबत होता, तरी जीपमधे माझ्या मांडीवर बसून ती रस्त्यानं गाड्या मोजत होती. ती रडायला लागली पलस्तर घातल्यावर."